आतलं मागचं चाक

(प्रस्तावना)

गोकार्टला सस्पेन्शन नसतं. स्प्रिंग नाही, शॉकॲब्सॉर्बर नाही, पाटे नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमच ते बसवू देत नाहीत. मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियलही नसतं. मागे एक पोकळ पोलादी ॲक्सल असतो, मोठ्या कार्टमध्ये सहसा ५० मिलिमीटर व्यासाचा, आणि दोन्ही चाकं त्यावर घट्ट आवळलेली असतात. एक चाक जितकं फिरेल तितकंच दुसरंही फिरणार. सरळ रस्त्यावर याची काही अडचण नाही. वळण आलं की बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. मागच्या चाकांमधलं अंतर १.२ मीटर धरा आणि अर्ध्या वर्तुळाचं वळण घ्या: बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ पावणेचार मीटर जास्त चालतं. वळण अरुंद असो की ऐसपैस, फरक तेवढाच राहतो, कारण हिशेबातून त्रिज्या कटून जाते. आता एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांनी हे पावणेचार मीटर आणायचे कुठून? दोन्ही चाकं जमिनीला घट्ट धरून बसली तर ती कार्टला सरळ ढकलत राहतात. चालक स्टिअरिंग वळवतो आणि पुढची चाकं नुसती घासत पुढे जातात.

सुटका एकच आहे. वळणात शिरताना आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून सुटलं पाहिजे, आणि वळणातून निघताना वेळेवर परत टेकलं पाहिजे. ते किती उचलावं, कधी उचलावं आणि किती वेळ वर राहावं, हे ट्रॅकची पकड ठरवते. पकड सकाळी वेगळी, दुपारी वेगळी, पावसात तर पूर्ण निराळी. या पुस्तिकेतली सगळी मापं, कोष्टकं आणि आकृत्या त्या एका चाकाभोवती फिरतात.

पुस्तिका मुंबईतल्या साकीनाक्यात लिहिली गेली. इथे ट्रॅक नाही. खैरानी रोडवर आणि आसपासच्या गल्ल्यांत ट्रॅकला पुरेल एवढी मोकळी जमीन शोधूनही सापडणार नाही. पण पाइप वाकवणारे, आर्गन वेल्डिंग करणारे, लेथवर हब आणि स्पेसर काढून देणारे, पावडर कोटिंग करणारे गाळे इथे एकमेकांना खेटून आहेत. अंधेरी, विद्याविहार, कुर्ला, वांद्रे या पट्ट्यात अभियांत्रिकी कॉलेजं भरपूर, आणि कॉलेजांच्या गोकार्ट स्पर्धांसाठी मुलं चौकट बांधायला निघाली की त्यांची पावलं अशा गाळ्यांकडे वळतात. मुलांच्या हातात संगणकावरचं रेखाटन असतं, मेस्त्रींच्या हातात वीस-पंचवीस वर्षांचा धातूचा अनुभव. दोघांमध्ये बोलणं होतं ते पाइपची जाडी आणि दर यांवर. ही चौकट वळणात पिळवटणार आहे, तिने पिळवटायलाच हवं, हे त्या बोलण्यात सहसा येत नाही. ते यावं म्हणून हा खटाटोप केला आहे. माझं ठाम मत असं की कार्टचं सेटअप ट्रॅकवर सुरू होत नाही. ते गाळ्यात, नळ्या जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या जिगवर पहिला टाका पडतो तेव्हाच सुरू होतं. ट्रॅकवर आपण उरलेल्या दहा-वीस टक्क्यांशी खेळतो.

या खेळाचा जन्मही अशाच एका कामाच्या जागी झाला. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने नळ्या जोडून एक बुटकी चौकट केली, तिला गवत कापायच्या यंत्रासाठी बनलेलं, शिल्लक पडलेलं छोटं टू-स्ट्रोक इंजिन लावलं आणि चालवून पाहिलं. पुढच्या काही वर्षांत हा प्रकार युरोपात पोहोचला, आणि १९६२ मध्ये त्याच्या नियमनासाठी आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. आपल्याकडे मुंबईत पवईच्या हिरानंदानीत हाकोने या मनोरंजन केंद्रात भाड्याच्या कार्ट धावल्या, वडाळ्याला अजमेराच्या जागेत ट्रॅक झाला. महाराष्ट्रात खऱ्या शर्यतीच्या कार्टिंगचं नाव घ्यायचं तर कोल्हापूरचं घ्यावं लागतं. तिथल्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत, आणि कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक कार्टिंगमधून पुढे परदेशातल्या फॉर्म्युला शर्यतींपर्यंत गेला. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाच्या देशव्यापी शोधमोहिमेतून निवडला गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये बहारीनच्या साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. या मुलांचं शरीर आणि कान पहिल्यांदा तयार झाले ते कार्टमध्येच. नंतरच्या मोठ्या गाडीत सस्पेन्शन असतं, अभियंत्यांचा ताफा असतो. कार्टमध्ये चालकाला पकड थेट पाठीच्या कण्यातून कळते.

आता चाक उचलतं कसं ते पाहू. दोन कारणं एकत्र काम करतात. पहिलं कारण भाराचं. वळणात वजन बाहेरच्या बाजूला सरकतं. चालकासह १६५ किलोची कार्ट घ्या, गुरुत्वमध्य जमिनीपासून २५ सेंटीमीटरवर धरा, चाकांमधलं अंतर १२० सेंटीमीटर. वळणातला बाजूचा ओढा गुरुत्वाकर्षणाएवढा असेल तर साधारण ३४ किलो आतल्या बाजूकडून बाहेर जातात. आतल्या दोन चाकांवर एरवी ८२ किलो असतात, आता उरले ४८. पकड वाढली, ओढा दुप्पट झाला, तर ६९ किलो सरकतात आणि आत उरतात जेमतेम १३-१४. उलट ओल्या ट्रॅकवर ओढा ०.६ पटीच्या वर जात नसेल तर सरकतात फक्त २०-२१ किलो. तीच कार्ट, तोच चालक, तेच वळण, पण आतल्या चाकावरचं ओझं एकदा नाहीसं व्हायच्या बेतात आहे आणि एकदा फारसं हललेलंही नाही. सेटअपची गरज नेमकी इथे उभी राहते.

दुसरं कारण स्टिअरिंगच्या भूमितीचं. पुढच्या चाकाचा किंगपिन मागे कललेला असतो, त्या कलाला कॅस्टर म्हणतात. चाक किंगपिनपासून बाहेरही असतं. त्यामुळे स्टिअरिंग वळवलं की आतलं पुढचं चाक चौकटीच्या मानाने खाली जातं आणि बाहेरचं पुढचं वर येतं. बाजेच्या एका पायाखाली वीट सरकवून पाहा: तो पाय आणि त्याच्या तिरक्या समोरचा पाय भार घेतात, बाकीचे दोन सुटतात. इथे वीट आतल्या पुढच्या चाकाखाली येते, भार बाहेरच्या मागच्या चाकावर जातो आणि आतलं मागचं सुटतं. पण वीट इकडे आणि परिणाम तिकडे, मधला निरोप्या कोण? चौकट. तिच्या नळ्या, साधारण ३० किंवा ३२ मिलिमीटर व्यासाच्या, हा पीळ पुढून मागे पोहोचवतात. चौकट फार लवचीक असेल तर पीळ वाटेतच जिरतो आणि चाक टेकलेलंच राहतं. फार ताठ असेल तर चाक झटक्यात उचलतं, झटक्यात आपटतं, आणि ट्रॅक जरा खडबडीत असला तर सरळ रस्त्यातही एखादं चाक हवेत राहतं.

कॉलेजांच्या कार्टमध्ये मला दिसणारा सगळ्यात मोठा दोष हाच, जास्तीचा ताठपणा. संगणकावर ताण तपासताना लाल डाग दिसला की मुलं एक आडवी नळी घालतात, मग आणखी एक तिरकी घालतात, आणि परीक्षकांसमोर मांडायला छान आकडे मिळतात. चौकट मोडणार नाही याची खात्री होते. ती वाकणारही नाही, हे मात्र कुणी विचारात घेत नाही. मेस्त्रीही नेकीने म्हणतो, 'अजून एक सपोर्ट मारू का? मजबूत होईल.' त्याचं बरोबर आहे. ग्रिल, रॅक, शेड यांत मजबुती म्हणजे न हलणं, आणि त्याचं आयुष्य त्यात गेलं आहे. त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं की ही वस्तू स्प्रिंग आहे.

वेल्डिंगबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण पुस्तिकेतलं त्यावरचं चौथं प्रकरण मला सर्वांत जिव्हाळ्याचं आहे. टाका थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. एका बाजूचे सगळे जोड आधी पूर्ण केले आणि मग दुसऱ्या बाजूला गेलं, तर जिगमधून सोडल्यावर चौकट पिळलेली निघते. डोळ्यांना दिसत नाही एवढीच, एक-दोन मिलिमीटर. पण तेवढ्याने डाव्या वळणात चाक लवकर उचलतं आणि उजव्या वळणात उशिरा. चालक सांगत राहतो की गाडी एका बाजूला छान वळते, दुसऱ्या बाजूला नाही, आणि मुलं बिचारी चाकांचे कोन, टो आणि कॅम्बर, तपासत बसतात. म्हणून आधी सगळीकडे टाके, मग समोरासमोरचे जोड आलटूनपालटून, आणि सोडण्याआधी जिगवरच पूर्ण थंड होऊ देणं. घाईच्या दिवसांतही मागचे बेअरिंग हाउसिंग सगळ्यात शेवटी, ॲक्सल आरपार घालून, सहज फिरतोय हे हाताने बघून पक्के करावेत. सपाट टेबलावर चार सारख्या ठोकळ्यांवर चौकट ठेवून कोणता कोपरा डुगडुगतो ते पाहिल्याशिवाय तिला रंगायला पाठवू नये.

ट्रॅकची पकड वाचायला शिकवणं त्याहून अवघड. साकीनाक्याला राहणाऱ्यांच्या तर यासाठीचं एक उदाहरण डोक्यावरूनच जातं. विमानतळ शेजारी आहे. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यानंतर मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या काही तासांसाठी बंद ठेवतात. ९ मे २०२४ ला त्या सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बंद होत्या. त्या वेळात डागडुजीबरोबर पृष्ठभागाचा बारीक आणि जाड खरबरीतपणा रोजच्या वापराने किती झिजलाय ते तपासतात. या कामामागचं एक कारण रबराचं. उतरणाऱ्या विमानाची चाकं जमिनीला लागेपर्यंत फिरत नसतात. टेकताच ती घासतात, रबर वितळून धावपट्टीच्या बारीक खळग्यांत बसतं, आणि पाऊस आला की पाण्याला निसटायला जागा उरत नाही. म्हणून जगभरच्या विमानतळांवर ते रबर वेळोवेळी खरवडून काढतात.

कार्ट ट्रॅकवर हेच रबर कोरड्या दिवशी हवंहवंसं असतं. सकाळी ट्रॅकवर धूळ असते, मुंबईच्या आसपास बांधकामाची तर कायमच. पहिल्या फेऱ्यांत टायर ती झाडतात, मग रबराचा थर शर्यतीच्या ओळीवर बसू लागतो आणि फेरीगणिक पकड वाढत जाते. ओळीच्या बाहेर मात्र रबराचे सुटे गोळे साठतात, तिथे गेलं की गाडी निसटते. आणि मग पाऊस येतो. ज्या ओळीने दुपारी सर्वांत जास्त पकड दिली तीच आता सर्वांत निसरडी होते, धावपट्टीसारखीच. जाणते चालक पावसात ती ओळ सोडून बाहेरून, खडबडीत डांबरावरून वळण घेतात. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर या विषयाला पर्याय नाही, म्हणून पावसाच्या सेटअपला इथे स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. परदेशी पुस्तकांत ते शेवटच्या दोन पानांत उरकतात.

पावसात नेमकं काय करायचं ते एका दमात सांगता येतं. पुढची चाकं स्पेसरने बाहेर काढायची, मागची आत घ्यायची, कॅस्टर वाढवायचा, टो-आउट (पुढच्या चाकांची तोंडं बाहेर वळलेली) थोडं जास्त ठेवायचं, सीट वर करायची, टायरमध्ये हवा वाढवायची. दिसायला सहा गोष्टी, पण बहुतेकींमागे एकच विचार आहे: पकड कमी म्हणजे भार कमी सरकतो, चाक आपोआप उचलत नाही, तर त्याला हाताने मदत करा. मागची रुंदी कमी केली की तेवढ्याच ओढ्याने जास्त भार सरकतो. सीट वर गेली की गुरुत्वमध्य वर जातो. कॅस्टर आणि पुढची रुंदी वाढली की वीट जाड होते. हा विचार ज्याला कळला त्याला दुपारच्या चिकट ट्रॅकचं सेटअप पाठ करावं लागणार नाही. त्याने सगळं उलट दिशेने चालवायचं. मागे रुंद व्हायचं, मात्र आंतरराष्ट्रीय नियमांत एकूण रुंदीला १४०० मिलिमीटरची मर्यादा आहे. कॅस्टर कमी करायचा, सीट खाली घ्यायची, हवा पौंड-अर्ध्या पौंडाने उतरवायची.

अडचण निदानात आहे. चालक येऊन सांगतो, 'मागून सुटते.' हे वाक्य दोन अगदी विरुद्ध आजारांत ऐकू येतं. पकड कमी असेल तर मागचा भाग सरळ, गुळगुळीत घसरतो. पकड जास्त असेल तर बाहेरचं मागचं चाक एवढं धरतं की कार्ट जवळजवळ दोन चाकांवर जाते, मग उड्या मारत बाजूला सरकते, आणि वळणातून निघताना इंजिन दबल्यासारखं होतं. दोन्ही वेळा चालकाला मागचा भाग सुटलेलाच जाणवतो. एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर आजार बळावतो. म्हणून संघातल्या एकाने तरी वळणाच्या आतल्या बाजूला, कुंपणामागे, जमिनीलगत बसून ते चाक पाहायलाच हवं. फोनवर संथ गतीचं चित्रण केलं तर उत्तम. चाक सुटलं की नाही, किती बोटं वर गेलं, कुठे टेकलं, एवढं पाहून आलेल्या मुलाचं बोलणं चालकाच्या बोलण्याशेजारी ठेवलं की निम्मं निदान तिथेच होतं.

ॲक्सलच्या कडकपणाबद्दल या पुस्तिकेत मुद्दाम कमी लिहिलं आहे. एक पक्ष सांगतो, पकड कमी असेल तर नरम ॲक्सल घाला, म्हणजे टायरवर भार सावकाश येईल. दुसरा सांगतो, कडक घाला, म्हणजे आतलं चाक लवकर सुटेल. दोन्ही पक्षांत वेगवान कार्ट आहेत. माझ्या मते चौकटीची नळी, सीट कुठे आणि किती बोल्टांनी धरली आहे, टायर कोणता, यावर उत्तर बदलतं, त्यामुळे सरसकट नियम देणं अप्रामाणिक ठरेल. कॉलेजच्या संघाला दोन-तीन ॲक्सल परवडतही नाहीत. आधी बाकीचं सगळं ताब्यात आणावं, ॲक्सलकडे सर्वांत शेवटी यावं. पुढच्या टॉर्शन बारचं आणि बाजूच्या बंपरांच्या बोल्टांचंही तसंच. त्यांचा परिणाम होतो, पण ज्या संघाची लॅप वेळ फेरीगणिक अर्धा सेकंद इकडेतिकडे होते त्याला तो दिसणार नाही.

वहीबद्दल मात्र आग्रह धरणार आहे. एका वेळी एकच बदल, आणि तो लिहून. तारीख, वेळ, ऊन की ढग, ट्रॅक धुतलेला की चाललेला, गार टायरमध्ये किती पौंड आणि फेरीनंतर किती, काय बदललं, वेळ किती लागली, चालक काय म्हणाला, वळणावर बसलेला काय म्हणाला. पुस्तिकेच्या शेवटी यासाठी रिकामी पानं ठेवली आहेत, ती तेल लागलेल्या हातांनी भरायची आहेत. मागच्या वर्षीचा संघ पदवी घेऊन जातो आणि पुढच्या वर्षीचा संघ शून्यापासून सुरुवात करतो, हे आपल्या कॉलेजांतलं मोठं नुकसान आहे. वही हातात असेल तर दुसऱ्या वर्षाची मुलं पहिल्याच सरावाला दुपारच्या सेटअपपर्यंत पोहोचतील.

मेस्त्रींसाठी एक विनंती. पुस्तिकेतले पारिभाषिक शब्द गाळ्यात जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत, आणि प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये आहे. आकृत्यांवर कुठे जोड पक्का हवा आणि कुठे नळीला मोकळीक हवी ते वेगळ्या रंगाने दाखवलं आहे. मुलं ज्या आकृत्या घेऊन येतील त्यांत हा फरक नसेल, तर त्यांना विचारा. तुमच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही तर त्यांना परत पाठवा. तुमचा एक दिवस जाईल, पण चौकट दुसऱ्यांदा कापावी लागणार नाही.

प्रकरणांचा क्रम इतर पुस्तकांपेक्षा वेगळा आहे. टायर किंवा इंजिनऐवजी सुरुवात सीटपासून केली आहे, कारण कार्टमधली सर्वांत जड वस्तू चालक आहे. एकूण वजनात त्याचा वाटा बहुधा चाळीस टक्क्यांच्या वर असतो. सीट दोन सेंटीमीटर पुढे-मागे झाली की पुढच्या-मागच्या चाकांवरची वाटणी बदलते, आणि साधारण ४३ टक्के पुढे, ५७ टक्के मागे या मापाच्या आसपास ती नसेल तर पुढच्या कुठल्याच दुरुस्तीचा भरवसा देता येत नाही. सीट हा चौकटीचाही एक भाग आहे. ती बाजूंना बोल्टांनी धरलेली असते, त्यामुळे पीळ तिच्यातूनही मागे जातो. म्हणून तिला भोकं पाडण्याआधी चालकाला बूट, हेल्मेट, सगळं चढवून बसवा, टाकीत अर्धं पेट्रोल घाला, चार वजनकाटे चारही चाकांखाली ठेवा आणि आकडे पहिल्या कोष्टकात लिहा.